तिसरं नको

माझ्या नातीच्या शाळेनं परवा तिच्या प्रगतिपुस्तकात 'सामाजिक कौशल्ये' या रकान्यासमोर 'अजून विकसित होत आहेत' असं लिहून पाठवलं. सुनेनं ते वाचून दाखवलं तेव्हा हातातली वाटी मी ओट्यावर अशी आदळली की तिचा काठ चेपला. सून म्हणाली, "आई, एवढं काय त्यात? सगळ्यांनाच काहीतरी लिहितात." आठ वर्षांची पोर आहे. घरी कोणी आलं की न सांगता पाणी आणते, कामाच्या मावशींचं मनगट दुखतं हे घरात सगळ्यांत आधी तिला कळलं. आणि शाळेचं म्हणणं काय, तर वर्गात स्वतःहून बोलत नाही आणि स्वतःला काय हवं ते सांगत नाही. मग विचारा ना तिला. एकदा विचारून सांगितलं नाही तर पुन्हा विचारा. तुम्हाला दुसऱ्यांदा विचारायला काय धाड भरली? सुनेला वाटलं माझं बीपी वाढलं. बीपी ठीक होतं. तो राग मी पंधरा वर्षांची असतानाचा होता, आणि इतकी वर्षं झाकून ठेवूनही तो नासला नाही याचं माझं मलाच नवल वाटलं. तेव्हा तो इथं एकदाचा ओतून टाकते.

आम्ही नागपूरला महाल भागात एका गल्लीत राहायचो, तळमजल्यावर दोन खोल्या. मी पाचवीत असताना बाबा गेले, आणि वर्षाच्या आत आईनं त्या दोन खोल्यांतच खानावळ काढली. पुढच्या खोलीत भिंतीला लागून पाट, मागच्या खोलीत चूल आणि दोन स्टोव्ह, आणि उरलेल्या जागेत आम्ही दोघी. जेवायला येणाऱ्यांना मेंबर म्हणायची पद्धत होती. कचेऱ्यांतले कारकून, खेड्यांवरून शिकायला आलेली पोरं, एक म्हातारा कंपाउंडर. सकाळी मला जाग यायची ती स्टोव्हला पंप मारल्याच्या आवाजानं, आणि मग परातीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. त्या थापण्यावरून आईचा दिवस कसा आहे ते मला अंथरुणातच कळायचं. दहा वाजत आले की दाराशी सायकली लागायच्या, चपलांचा ढीग पडायचा, मोरीत हात धुतल्याचं पाणी वाहायचं. फोडणीचा तिखट धूर पुढच्या खोलीत गेला की पहिल्या पंगतीत कोणालातरी ठसका लागायचा, आणि आई तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "पानी दे वं शोभे त्याले." कोणाला लागला हे तिला ठसक्यावरून कळायचं.

जेवण रोजचं साधंच. वरण, भात, भाकरी नाहीतर पोळी, एक भाजी, ठेचा. वांगं असलं की मेंबर खूश, दोडका असला की सगळे मुकाट. रविवारी मात्र पाटवडीचा रस्सा. बेसन शिजवून आई ते परातीत थापायची, वर खोबरं आणि खसखस दाबायची आणि सुरीनं शंकरपाळ्यासारखे काप काढायची. रश्शावर लाल तर्री अशी यायची की नवीन मेंबर आधी नुसता बघत बसायचा, मग घाम पुसत पुसत दोन भाकरी जास्त खायचा. रविवारी आमच्या गल्लीत नवा माणूसही वाट चुकला नसता, इतका तो वास लांब जायचा.

वाढायचं काम माझं. आणि वाढणं म्हणजे ताटात टाकत सुटणं नव्हे, त्याची आईकडे शिस्त होती. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, ताटाकडे बघायचं. तोंडाकडे बघितलं की माणूस चोरासारखा खातो. माणसं जेवत असताना वाढणारीनं मधे तोंड घालायचं नाही. वाढणारी सगळ्यांच्या मागून जेवते, आणि तिच्या पोटात कावळे कोकलत असले तरी ते तिच्या चेहऱ्यावर दिसता कामा नये. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नको. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्यात कोणी नव्हता. तसं करणं हावरटपणाचं, आईबापाला बोल लावणारं. म्हणून वाढणारीनं विचारायचं, समोरच्यानं नको म्हणायचं, पुन्हा विचारायचं. आई म्हणायची, "पहिलं नको मानाचं, दुसरं नको भिडेचं, तिसरं नको पोटाचं. पोटाचं नको तेवढं ऐकाचं. बाकीचं कानावर आलं तरी टोपली पुढं कराची." तिसऱ्या नकोनंतर मात्र आग्रह केला तर ती ओरडायची, कारण मग तो छळ होतो. हे सगळं सातवीतल्या पोरीला कळायचं. ताटावरून काय काय कळतं हे ज्यानं वाढलं नाही त्याला सांगून पटणार नाही. एका पोराचं ताट दोन दिवस अर्धं राहिलं, तेही वांग्याच्या भाजीला. मी आईच्या कानात सांगितलं. आईनं त्याला हात धुताना थांबवलं. त्याची बहीण गावाकडे वारली होती आणि त्यानं ते खोलीतल्या कोणालाही सांगितलं नव्हतं.

आमच्या मेंबरांत एक दिवाकरभाऊ होते, सदर भागात एका संस्थेत कारकून. त्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. दहावी झालेल्या काही मुलींना तिथं फुकट ठेवायचे, जेवणखाण, पुस्तकं सगळं, आणि सायन्सला घालायचे. दिवाकरभाऊंनीच आईला सांगितलं. मला सायन्सला जायचं होतं, आणि त्याचं कारण कांदा. शाळेत एकदा बाईंनी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून दाखवला होता. रोज परातभर कांदे चिरणारी मी, आणि त्यात अशा विटा रचल्यासारख्या खोल्या असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या मुली मागून ढकलत होत्या तरी मी डोळा काढला नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण कॉलेज सकाळचं आणि आमची पहिली पंगतही सकाळची. घरी राहून ते जमणारं नव्हतं, हे आईला माझ्याआधी कळलं होतं. वसतिगृहात जागा मिळाली तर ती वाढायला एक बाई ठेवणार होती. नाही मिळाली तर मी होतेच. इतकं सरळ होतं ते.

वसतिगृहाच्या प्रवेशाच्या लेखी परीक्षेत मी पहिली आले. दिवाकरभाऊंनी जेवायला बसायच्या आधी सांगितलं आणि आईनं त्या दिवशी त्यांच्या भातावर तुपाची धार जरा जास्त सोडली. "आता निस्ती ती दुसरी चाचणी राह्यली," ते म्हणाले. "व्यक्तिमत्त्वाची. त्याच्यात काही नसते, गप्पागोष्टी असते." आई म्हणाली, "मंग तर झालंच. मानसाईतच वाढली हे."

सदरचा तो बंगला मला अजून दिसतो. उंच छत, पंख्याची लांब दांडी, मधे मोठं टेबल आणि त्याच्याभोवती आम्ही काही मुली. एक बाई बोलत होत्या, गोड आवाजाच्या. आणि कोपऱ्यात खुर्चीवर एक तरुण साहेब, मांडीवर पुठ्ठा, हातात पेन्सिल. तो एक अक्षर बोलला नाही. नुसता बघायचा आणि लिहायचा. ताटाकडे नव्हे, तोंडाकडे. बाई म्हणाल्या, "तुमच्या शाळेत काय बदलायला हवं, यावर मोकळेपणानं बोला." लगेच दोन मुली सुरू झाल्या. एकीचं संपायच्या आत दुसरी, दुसरीचं संपायच्या आत पहिली. मी वाट बघत होते की यांचं होऊ दे, मग आपण बोलू. माझ्याकडे सांगायला होतं. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक आहे, निदान तीन हवेत, हे मी मनात पक्कं करून आले होते. पण त्यांचं झालंच नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि विषय बंद केला.

मग नाश्ता आला. एका ताटात समोसे, एका थाळीत बालुशाही, किटलीत चहा. बाई म्हणाल्या, "घ्या, आपापलं घ्या," आणि मागं सरल्या. आज मला कळतं की तीही परीक्षाच होती. त्या बोलणाऱ्या मुलींनी हात घातला. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, सावनेरकडच्या कुठल्याशा गावाहून पहाटेच्या एसटीनं आलेली, परकर-पोलक्यातली. तिनं हात मांडीवरून काढला नाही, पण तिची नजर ताटावर होती. मला राहवलं नाही. मी उठले, ताट उचललं आणि वाढायला लागले. सगळ्यांना एकेक. त्या मुलीपाशी आले तेव्हा ती म्हणाली, "नको." मी पुन्हा पुढं केलं. "नको न वं." मी तिच्या बशीत ठेवून दिला आणि पुढं गेले. ती मान खाली घालून खायला लागली. तिला भूक होती, मला माहीत होतं. माझं वाढून झालं तेव्हा ताटात एक समोसा उरला होता. बाईंनी ते ताट माझ्या हातातून घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. "तू घे की."

मी म्हणाले, "नको बाई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ताट नेऊन खिडकीत ठेवलं.

बस्स. इतकंच झालं. मी सकाळी पहिली पंगत वाढून, एक घोट चहा पिऊन, महालातून चालत आले होते. मी त्या खिडकीकडे बघत राहिले. मला वाटत होतं की आता त्या वळतील, आता म्हणतील, अगं घे, लाजतेस काय. मी दुसऱ्यांदा थोडंसं नको म्हणणार होते आणि मग घेणार होते. त्या वळल्या नाहीत. कोपऱ्यात पेन्सिल चालली होती.

निकाल दिवाकरभाऊंनीच आणला. त्या दिवशी ते पाटावर बसलेच नाहीत, दाराशी उभे राहून बोलले. लेखीत पहिली, आणि सामाजिक क्षमतेत पन्नासपैकी अकरा. सगळ्यांत शेवटची. जागा मिळाली नव्हती. आई भाकरी थापत होती. थापणं थांबलं. "काय क्षमता?" ती म्हणाली. दिवाकरभाऊ म्हणाले, "म्हंजे वहिनी, चार लोकाईत कसं वागते, कसं मिसळते, त्याचं माप असते." आई म्हणाली, "आमची शोभी?" आणि तव्यावरची भाकरी जळली. आमच्या घरात भाकरी जळलेली मी तोवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात ती मला घेऊन निघाली. मे महिना, नागपूरचं ऊन, डोक्यावर ओला पदर. संस्थेत त्या बाई होत्या आणि तो साहेबही होता. त्यानं आईला ताई म्हटलं, बसायला सांगितलं, वाईट वागला असं मी म्हणणार नाही. त्यानं समजावून सांगितलं. हे शास्त्र आहे, परदेशात खूप अभ्यास करून तयार केलेली मोजपट्टी आहे, त्यात कोणाचा लोभ नाही की राग नाही. "तुमची मुलगी हुशार आहे, पण ती नजरेला नजर देत नाही. गटात स्वतःहून बोलत नाही. स्वतःची गरज मांडत नाही. साधा खाऊ दिला तर तोही घेतला नाही, दुसऱ्यांच्याच मागं फिरत होती. अशा मुली वसतिगृहात एकट्या पडतात, ताई. तिच्या भल्यासाठीच सांगतो."

आई म्हणाली, "वाढणारी आधी खाते का साहेब?"

तो हसला. हसला हो. "तेच तर," तो म्हणाला. "तिला कोणी वाढायला सांगितलंच नव्हतं."

  ज्याला सांगावं लागत नाही त्याला हे लोक मार्क देत नाहीत, आणि सांगूनही जो उठत नाही त्याला मोकळं व्यक्तिमत्त्व म्हणतात. तेवढ्यात शिपाई ट्रेमध्ये चहा घेऊन आला. बाईंनी विचारलं, "चहा घेणार?" आईच्या ओठांवर पापुद्रे आले होते. ती म्हणाली, "नको, कायले त्रास."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. शिपाई ट्रे घेऊन मागल्या पावली गेला.

आई त्या ट्रेकडे बघत राहिली, दार बंद होईपर्यंत. मग उठली. मला म्हणाली, "चाल." बाहेर रस्त्यावर झाडाखाली रसवंती होती. उभ्या जन्मात रस्त्यावर उभं राहून काही न प्यायलेली माझी आई तिथं थांबली आणि एक पेला उसाचा रस तिनं घटाघटा संपवला, दुसरा मला पाजला. तोंड पुसून म्हणाली, "शोभे, ह्या लोकाईच्या घरी पाहुने येत नसतील वं." मी हसले नाही. मला इतका राग आला होता की मला परत आत जाऊन तो चहाचा ट्रे उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटत होता. ज्यांना एका तहानलेल्या बाईला दुसऱ्यांदा विचारता येत नाही ते माझी सामाजिक क्षमता मोजणार. आणि मोजली. आणि तेच खरं धरलं गेलं, कारण ते छापील होतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात. मी संध्याकाळच्या कॉलेजात कॉमर्स केलं, कारण तेच संध्याकाळी होतं. मग टेलिफोन खात्यात ऑपरेटर लागले आणि निवृत्त होईपर्यंत दिवसभर अनोळखी माणसांशी बोलले. रडणाऱ्यांशी, शिव्या देणाऱ्यांशी, गावाकडून आलेली मरणाची बातमी ऐकून गप्प झालेल्यांशी. लाइन कापायची वेळ झाली तरी मी कितीदा थांबले असेन, समोरचा अजून काही बोलणार आहे हे श्वासावरून कळायचं म्हणून. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला ऑपरेटर व्हायचं नव्हतं. मला कांद्याच्या आत काय आहे ते बघायचं होतं. चांगली नोकरी लागली, दोन मुलं झाली, मग झालं ना बरंच, असं लोक म्हणतात. नाही झालं. उगाच कोणी माझ्या तोंडात साखर घालू नये.

पण त्या साहेबाचं राहिलं. कॉलेजं सुरू होऊन गेली होती, म्हणजे ऑगस्ट असेल. एका रविवारी दिवाकरभाऊ दाराशी जरा घुटमळत उभे राहिले. "वहिनी, एक पाहुना आनला आहे. त्याईच्या डब्यावाल्या बाई गावी गेल्या, दोन दिवस झाले बिस्किटावर आहे बिच्चारा." मागं तो उभा होता. तोच. पुठ्ठा नाही, पेन्सिल नाही, हातात छत्री. दिवाकरभाऊंना वाटलं असावं की आता झालं गेलं, जागा दुसरीला गेली, माणूस उपाशी आहे. आईनं दारात एक क्षण बघितलं आणि म्हणाली, "या. हातपाय धुवा."

तो पाटावर बसला. मी ताट मांडलं, पाणी ठेवलं, वाटी ठेवली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला काही आठवलं नाही. त्या दिवशी सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघून लिहीत होता हा माणूस, आणि माझा चेहरा त्याच्या लक्षात नव्हता. अकरा मार्क लक्षात असतील कदाचित. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हात चालत राहिले. पाटवडी, रस्सा, कांदा, एक भाकरी. तो जेवायला लागला, आणि भराभरा, घाम पुसत जेवला. भाकरी संपली, रस्सा वाटीत अर्धा होता, दोन वड्या बाकी होत्या. मी टोपली घेऊन त्याच्यासमोर गेले.

"भाकरी?"

"नको नको," तो म्हणाला. "बस झालं."

मी म्हणाले, "ठीक आहे," आणि टोपली उचलून पुढच्या ताटाकडे गेले.

मला सगळं दिसत होतं, कारण मी ताटाकडेच बघत होते. त्यानं रश्शात बोट फिरवलं. एक वडी मोडली आणि तशीच ठेवली. पाणी प्यायला. मग टोपलीकडे बघितलं. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. तो वाट बघत होता. त्यालाही माहीत होतं. आमच्याच मातीतला होता तो, सावनेरच्या बाजूचा, हे दिवाकरभाऊ दारातच बोलून गेले होते. त्याच्याही घरी पहिल्या नकोला कोणी नको धरत नसेल. त्याच्या आईनं त्यालाही हेच शिकवलं होतं की पाहुण्यानं लगेच हो म्हणू नये, आणि तो तसाच वागला होता, शहाण्या मुलासारखा. मग त्या दिवशी सदरच्या बंगल्यात तो हे कुठं ठेवून आला होता? माहीत नसतं तर मी माफ केलं असतं. त्याला माहीत होतं. याचा राग मला त्या अकरा मार्कांहून जास्त आहे.

मी वळले नाही. मी दुसऱ्या पंगतीचे पाट मांडायला घेतले. आणि तेवढ्यात आई बाहेर आली. पदराला हात पुसत ती त्याच्या ताटासमोर उभी राहिली, मग माझ्याकडे बघितलं. "शोभे, टोपली आन."

मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा आईनं सांगितलेलं मी केलं नाही. ती दोन पावलं चालून आली, माझ्या शेजारची टोपली उचलली, आणि त्याला न विचारता त्याच्या ताटात एक भाकरी ठेवली. "खा. लाजू नका." त्यानं ती खाल्ली. तिनं दुसरी धरली. "नको ताई, खरंच." "असं कसं? रविवार आहे." तीही खाल्ली. रस्सा पुन्हा वाढला. तिसरी भाकरी पुढं केली तेव्हा तो म्हणाला, "आता नको," आणि आईनं टोपली मागं घेतली, कारण ते पोटाचं होतं.

हात धुवून तो तिच्यासमोर आला. दोन्ही हात जोडून म्हणाला, "ताई, किती दिवसांनी कोणी असा आग्रह केला. घरची आठवण झाली."

आई म्हणाली, "माह्या पोरीनंही त्या दिवशी तिथं एवढीच वाट पाह्यली होती, साहेब. त्या खिडकीकडं पाहून पाहून. तिले तुमी अकरा मार्क देल्ले."

 त्यानं माझ्याकडे बघितलं. आता ओळखलं. त्याचे हात तसेच जोडलेले होते, ओले, कोपरावरून पाणी गळत होतं. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि आम्ही सगळे थांबलो होतो, मीसुद्धा. मी त्याला बोलायला जागा दिली होती, हवी तेवढी. त्यानं चपला घातल्या, छत्री घ्यायची विसरला, आणि गेला. ती छत्री दिवाकरभाऊंनी नेऊन दिली. तो पुन्हा कधी आमच्याकडे जेवायला आला नाही, आणि त्यांच्या चाचणीतही काही बदललं नाही. पुढच्या वर्षी तीच मोजपट्टी, तेच समोसे. दिवाकरभाऊच सांगायचे.

सगळं आटोपून आम्ही दोघी जेवायला बसलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आईनं माझं ताट वाढलं. रविवार असून मी पाटवडीला हात लावला नाही. मी तिच्यावर चिडले होते. त्याच्यावर होते त्याहून जास्त. माझा इतकासा सूड होता, एका भाकरीचा, आणि तिनं तो उचलून त्याच्याच ताटात वाढला होता. मी म्हणाले, "काहून देल्ली त्याले?" ती म्हणाली, "भूक होती त्याले." "मलेही होती."  मग तिनं टोपलीतून भाकरी काढून माझ्यासमोर धरली.

मी म्हणाले, "नको."

"घे वं."

"नको."

"शोभे, घे न."

"नको म्हटलं न."

तिसरं झालं होतं. तिचाच नियम होता, आता टोपली मागं घ्यायची. मी वाट बघत होते की ती घेईल, म्हणजे मला उपाशी उठता येईल आणि जन्मभर तिला बोलता येईल. तिचा हात तसाच राहिला. भाकरी गार होत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, जे मी बाबा गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

तिनं चौथ्यांदा विचारलं.

मी जेवले. पण राग गेला नाही, आईच्या हातच्या भाकरीनंही गेला नाही. उद्या मी नातीच्या शाळेत जाणार आहे.